तिसरा टक

सोमवार, ४ मार्च

आजपासून डायरी. कल्पना माझी नाही, बायकोची. रोज संध्याकाळी मी खालून कारखान्यातून वर घरात येतो आणि दिवसभराचं सगळं तिला सांगतो. बत्तीस वर्षं ऐकलं तिने. आता म्हणते, "तेच तेच ऐकून कान किटले माझे. वहीत लिहा. वही उलट बोलत नाही." वहीसुद्धा तिनेच आणून ठेवली होती, म्हणजे तयारी बऱ्याच दिवसांची दिसते.

कारखाना म्हणायचं आपलं. तळमजल्यावर एक लांबट खोली, समोरासमोर दोन टेबलं, एक ग्राइंडर आणि पॉलिशचं एक चाक. वर दोन घरं, एक माझं आणि एक धाकट्या भावाचं. आम्ही दोघे ऑपरेशनचे चिमटे बनवतो. आज हॉस्पिटलच्या थिएटरच्या मोठ्या सिस्टर स्वतः येऊन गेल्या. नवीन थिएटर सुरू होतंय, पंधरा एप्रिलच्या आत साठ दात्या हवेत.

दात्या हे आमचं घरातलं नाव. टोकाला एका बाजूला एक दात, दुसऱ्या बाजूला दोन, आणि तो एकटा त्या दोघांच्या मध्ये बरोबर जाऊन बसला पाहिजे. पोटाच्या स्नायूंवर पांढरं, चिवट आवरण असतं, ते साध्या चिमट्यातून सटकतं. दात्या ते धरून ठेवतो. मागे बोटं घालायच्या दोन कड्या आणि कड्यांजवळ खाचांच्या दोन बारीक पट्ट्या. दाबलं की टक, टक, टक. तिसरा टक झाला की खाचा एकमेकींत अडकल्या, मग डॉक्टरांनी हात सोडला तरी चिमटा उघडत नाही.

टोकाचे दात माझे, खाचा धाकट्याच्या. शेवटची तपासणीही त्याचीच. डोळे मिटून चिमटा कानाशी धरायचा आणि तीन टक ऐकायचे. तिसरा जरा जरी कच्चा वाटला तरी पुन्हा कानस घेऊन बसायचा. चौतीस वर्षं माझी नजर आणि त्याचा कान यावर आमचं चाललंय. एक जुने डॉक्टर आमच्या कारखान्याला गमतीने 'कानाडोळा' म्हणायचे, तेच नाव पडलं.

आज मात्र धाकट्याचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, "बारीक कानस दे." तर म्हणतो, "बारीक कणीस? आत्ता कुठलं कणीस, दादा?" साठ चिमट्यांचं काम अंगावर आहे आणि याला विनोद सुचताहेत. मी हसलो नाही.

गुरुवार, ७ मार्च

धाकट्याला नवीन खूळ लागलंय. चिमटा कानाशी धरायचा सोडून जबड्याला टेकवून बसतो. आज तर कडी चक्क दाढांत धरली आणि डोळे मिटून टक, टक, टक. मी ओरडलो, "अरे, तो लोकांच्या पोटात जायचाय!" त्याने वर बघायचेही कष्ट घेतले नाहीत. टेबलावर थाप मारली तेव्हा बघितलं. पुन्हा तेच म्हटलं, तर शांतपणे म्हणाला, "आधी उकळतात ना ते."

उत्तर बरोबर होतं. म्हणून जास्त राग आला.

शनिवार, ९ मार्च

धाकट्याच्या घरातल्या बातम्या हल्ली आमच्या घरात ऐकू येतात. आम्ही आमचा टीव्ही लावायचा बंदच केलाय. हिला म्हटलं, भावजयीला सांग, जरा आवाज कमी ठेवा. ही "बरं" म्हणाली आणि लगेच विचारलं, तुमचा निळा शर्ट धुवायला टाकू का. शर्टाचा आणि बातम्यांचा काय संबंध?

साठीकडे झुकला की माणसाला कसले षौक लागतील सांगता येत नाही.

सोमवार, ११ मार्च

लिहितोय पण राग अजून उतरला नाही.

झालं असं. दुपारी धाकट्याने एका चिमट्याची पट्टी मला दाखवली. मला ती जाड वाटली. मी म्हटलं, "जरा आणखी घास." तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "घास म्हणतोय ना! घास!" तर हा गडी हसला. माझ्या तोंडावर, दात दाखवून, चांगला दोन मिनिटं हसत राहिला. म्हणजे दोन मिनिटं नसेल, पण मला तेवढं वाटलं.

मोठ्या भावाने काम सांगावं आणि धाकट्याने दात विचकावेत! टक ऐकायचे सोडून हल्ली माझ्या तोंडाकडे टक लावून बसतो, ते वेगळंच. आयुष्यात पहिल्यांदाच चित्रपट बघत असल्यासारखा बघतो.

मी उठलो आणि माझं टेबल ओढत ओढत त्याच्या मागे नेऊन फिरवलं. आता माझी पाठ त्याच्या पाठीला. टेबल फिरताना तो उठून उभा राहिला. म्हणाला, "दादा, टेबल फिरवू नकोस."

मी त्याच्याजवळ जाऊन विचारलं, "का? माझं तोंड बघितल्याशिवाय काम होत नाही तुझं?"

म्हणाला, "नाही होत."

इतका उपरोध त्याच्यात आला कुठून? लहानपणी साधा होता.

शुक्रवार, १५ मार्च

आजपासून तपासणी मी करणार. जबड्याला चिमटे लावणाऱ्या माणसावर हॉस्पिटलचं काम सोडता येत नाही. दहा त्याचे तपासून झाले होते, तेवढे राहू दिले. नेहमीप्रमाणे त्यांच्या आतल्या बाजूला त्याचा ठिपका आहे. माझ्या तपासलेल्यांवर मी आडवी रेघ मारायचं ठरवलंय, म्हणजे पुढे गोंधळ नको.

आम्ही बोलत नसल्यामुळे हा निरोप मी हिच्याकडे दिला, हिने भावजयीला दिला आणि भावजयीने त्याला. कारखान्यात त्याच्या पाठीमागे मी सहा फुटांवर बसतो आणि निरोप दोन जिने चढून-उतरून येतो. उलटा निरोप आला, "तपासणी तेवढी माझ्याकडे राहू दे." मी कळवलं, नाही.

भावजय स्वतः आली मग. दारातच उभी राहिली. म्हणाली, "दादा, एवढं काढून घेऊ नका त्यांच्याकडून." डोळे भरलेले होते. मला वाईट वाटलं. पण म्हटलं, घरातल्या बायकांचं ऐकून कारखाना चालवायला मी काही हलक्या कानाचा नाही.

बुधवार, २० मार्च

पहिले वीस गेले. दहा ठिपक्याचे, दहा रेघेचे. माझे दहाही पहिल्याच झटक्यात पास झाले. एकही पुन्हा घासायला द्यावा लागला नाही. धाकटा दहातले तीन-चार तरी बाजूला काढायचा आणि तासन्‌तास घासत बसायचा. इतकी वर्षं किती वेळ फुकट गेला म्हणायचा!

ही रागावली आहे. म्हणते, जिन्यातून तीन हाका मारल्या, चहा गार झाला. हळू मारल्या असतील.

बुधवार, २७ मार्च

वाईट दिवस.

मोठ्या सिस्टर सकाळीच आल्या. नेहमी दारातून "काय म्हणतोय कानाडोळा?" असं विचारत येतात, आज काही विचारलं नाही. पिशवीतून तीन दात्या काढून माझ्या टेबलावर ठेवले. काल एका बाईंच्या पोटाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी आवरण धरलं, तिन्ही टक झाले, हात सोडला आणि चिमटा आपोआप उघडला. दुसरा घेतला, त्याचंही तेच. मग त्यांनी सगळे वीस बाहेर काढून तपासले, हे तीन निघाले.

"बाईंना काही झालं नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण तिथे शीर असती तर? मी तुमच्या चिमट्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवते हो. जुन्या पेटीतले तुमचे चिमटे वीस वर्षं झाली, अजून सुटत नाहीत."

मला मान वर करवेना. त्या म्हणाल्या, बारा तारखेला सगळे साठ मी स्वतः एकेक तपासून घेईन. एक जरी सुटला तरी पुढचं सगळं काम दुसरीकडे.

त्या गेल्यावर मी त्याच्या पाठीला म्हटलं, "ऐकलंस? खाचा तुझ्या आहेत. कोणाच्या जिवावर बेतलं असतं!" त्याने मानसुद्धा हलवली नाही. कानस चालूच. मी इतकं बोलल्यावर दगडालाही पाझर फुटला असता. एका कानाने ऐकायचं आणि दुसऱ्याने सोडायचं हे तो कुठे शिकला?

ते तीन चिमटे मी खणात टाकले. बघवेनात.

शुक्रवार, २९ मार्च

ठरवलं. वेगळं व्हायचं. खोलीच्या मध्ये भिंत घालायची, त्याचं त्याने बघावं, माझं मी.

आयत्या वेळी राग आला की माझं बोलणं भरकटतं, म्हणून एका कागदावर मुद्दे लिहून काढले. एक, तू उद्धट झाला आहेस. दोन, तुझं कामात लक्ष नाही. तीन, आपण वेगळं होऊ. आणखी सात-आठ सुचतील असं वाटलं होतं, पण तीनच झाले.

हिला वाचून दाखवले. ती कणीक मळता मळता थांबली. म्हणाली, "बोलायचंय तर बोला. पण समोर उभं राहून बोला. समोर, कळलं का?"

मी म्हटलं, "मी काय घाबरतो त्याला?"

"तसं नाही हो," म्हणाली, आणि पुढे काही तरी सांगणार होती. मग ओठ मिटून पुन्हा कणीक मळायला लागली. ही आणि भावजय दोघी हल्ली तोंडात मूग धरून बसतात. एकमेकींशी मात्र जिन्यात तासभर बोलतात.

मंगळवार, २ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहितो.

दुपारी तीनच्या सुमाराला खाली गेलो. कागद हातात होता. धाकटा दाराकडे पाठ करून कानस चालवत होता. समोर जायचं ठरवलं होतं, पण पाय पुढे जाईनात. त्याच्या मानेवरचे केस पांढरे झालेत, ते मी आजवर बघितले नव्हते. समोर कधी मान दिसत नाही. मग तिथूनच बोललो.

पहिला मुद्दा झाला. दुसरा झाला. तिसराही बोललो. "आपण वेगळं होऊ." चौतीस वर्षांनी एवढं म्हटलं की माणूस निदान हात थांबवतो. त्याने चिमट्यावरचा कीस फुंकला आणि पुन्हा घासायला लागला.

माझं डोकंच फिरलं. "अरे, काही तरी बोल ना!" म्हणून मी जोरात हात आपटला. तो टेबलावर बसायच्या ऐवजी तबकाच्या कडेवर बसला आणि तबक पालथं झालं. त्यात बावीस दात्या होते. पोलादाचे बावीस चिमटे दगडी फरशीवर पडल्यावर काय आवाज होतो ते मला लिहिता येणार नाही. समोरचा शिंपी मशीन सोडून रस्ता ओलांडून धावत आला. वरून ही धावत आली.

धाकट्याने हातातला चिमटा जबड्याला लावला, डोळे मिटले आणि दाबला.

मी तिथेच उभा राहिलो. मी हळूच म्हटलं, "ए धाकट्या." मग त्याचं लहानपणचं नाव घेऊन हाक मारली, आई मारायची ती. मागच्या तीस वर्षांत कोणी मारली नसेल. तो पट्टीवरून अंगठा फिरवत राहिला.

मग मी वळसा घालून त्याच्या समोर गेलो. तो एवढा दचकला की चिमटा सुटला हातातून. "केव्हा आलास?" म्हणाला. मग त्याने फरशीकडे बघितलं. सगळीकडे चिमटेच चिमटे. मग दारातल्या शिंप्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मला कळलंय हे त्यालाही कळलं.

आम्ही दोघे खाली बसून चिमटे गोळा करायला लागलो. मला रडू येत होतं आणि ते चिमट्यांवर पडत होतं. पोलाद गंजतं म्हणून मी ते बाहीने पुसत होतो. माझा कागद एका चिमट्याखाली गेला होता. मी हात घालायच्या आधी त्याने तो उचलला, वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला.

वर आल्यावर हिला विचारलं, "कधीपासून?"

"आठ महिने झाले. आधी डावा गेला. आता दोन्ही."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. शिंप्यालासुद्धा."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? ही म्हणाली, "त्यांनी शपथ घातली होती आम्हाला. म्हणाले, दादा सगळ्यांना सांगतो, माझी नजर आणि याचा कान. कानच गेला तर मी दादाच्या कारखान्यात कोण?"

दादाच्या कारखान्यात, म्हणाला. आमच्या नाही.

बुधवार, ३ एप्रिल

घास आणि हास. हे कळायला मला तीन आठवडे लागले. मी 'हास, हास' म्हणून ओरडतोय असं त्याला वाटलं, आणि बिचारा हसला. मोठा भाऊ सांगतोय म्हणून हसत राहिला.

आज खणातले ते तीन चिमटे बाहेर काढले आणि भिंगाखाली धरले. आतल्या बाजूला खूण बघितली. पहिल्यावर रेघ. दुसऱ्यावर रेघ. तिसऱ्यावर रेघ. ठिपक्याचा एकही परत आलेला नाही. आठवडाभर हे माझ्या खणात पडलं होतं आणि मी खूण बघितली नव्हती, कारण चूक कोणाची हे मला न बघताच माहीत होतं.

मग एक चिमटा कानाशी धरून दाबला. टक, टक, टक. माझ्या कानाला तीन अगदी स्वच्छ ऐकू आले. खोलीत कोणी नाही असं बघून कडी दाढांत धरली आणि दाबली. पहिला टक कपाळापर्यंत गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला नुसतं खरखर झालं, काठावर घासून थांबल्यासारखं. आवाज होता, बसणं नव्हतं. कानाला ते कळत नाही, दाढेला कळतं. त्याचं खूळ म्हणून मी जिला नावं ठेवली ती कानापेक्षा वरची तपासणी होती, आणि ती त्याने एकट्याने, कोणाला न सांगता शोधली होती.

माझे रेघेचे सतरा उरलेत, शिवाय हॉस्पिटलात गेलेले सात. ते सगळे परत मागवायला निरोप पाठवला. सगळे त्याच्याच दाढेखालून जाणार.

शुक्रवार, ५ एप्रिल

सकाळी त्याच्या आधी खाली गेलो आणि टेबल फिरवून जागेवर आणलं. शिंप्याने एक बाजू धरली. जाताना म्हणाला, "कंबर सांभाळा, आता पुन्हा फिरवायचं नाहीये ना?" हल्ली सगळे बोलायला लागलेत.

धाकटा आला, टेबल बघितलं. आपल्या जागी बसला. मग खिशातून तो कागद काढून माझ्यापुढे सरकवला. माझ्या प्रत्येक मुद्द्यापुढे त्याने पेन्सिलीने उत्तर लिहिलं होतं.

तू उद्धट झाला आहेस. पुढे, "नाही."

तुझं कामात लक्ष नाही. पुढे, "आहे."

आपण वेगळं होऊ. पुढे, "तू म्हणशील तसं."

त्या तीन शब्दांकडे मी किती वेळ बघत होतो. भांडला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "माझं चुकलं," पण ते कसंबसं, खाली मान घालून म्हटलं. त्याने "काय?" विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, काम कर."

साठ वर्षांचा घोडा झालो तरी माझी जीभ अशी आयत्या वेळी टाळूला चिकटते.

सोमवार, ८ एप्रिल

धाकट्याला घेऊन भावजयीबरोबर मीही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं हातोडी आणि ग्राइंडर, दुसरं काय होणार. यंत्र देतो, बोलणं बरंचसं कळेल. पण ग्राइंडर चालू असताना ते लावता येणार नाही, त्यामुळे कारखान्यात तोंड बघूनच काम चालवा. धाकटा तोंड बघून किती समजतो ते बघून डॉक्टरही चकित झाले.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीही त्याच खोलीत बसता ना? तुमचेही बघू या का?" मी म्हटलं, माझे उत्तम आहेत. उगीच त्यांचा वेळ कशाला घ्या. भावजयीने हिला घरी जाऊन हे सांगितलं. ही काहीतरी बोलली, पण नळ चालू होता.

हिने सुचवलं, "लिहून द्या ना त्यांना, चुकलं म्हणून. वेगळं व्हायचं कसं लिहून काढलंत?" मी म्हटलं, हे लिहून द्यायचं नसतं. तोंडाने बोललो ते तोंडानेच निस्तरलं पाहिजे.

दिवसभरात दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्याने भुवया उंचावल्या आणि मी विषय बदलला. एकदा पॉलिशकडे, एकदा हवेकडे.

शुक्रवार, १२ एप्रिल

मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी बरोबर जाड रबराचा एक पट्टा आणला होता. प्रत्येक दात्या त्या पट्ट्याला लावायचा, तिसऱ्या टकापर्यंत दाबायचा, हात सोडायचा आणि पट्टा हवेत धरून गदागदा हलवायचा. साठ वेळा. मी पहिल्या दहापर्यंत श्वास धरला होता, मग ते जमेना. धाकटा शांत बसला होता. सिस्टरांच्या हातांकडे नाही, तोंडाकडे बघत.

एकही सुटला नाही. शेवटी तर त्यांनी सहा चिमटे एकदम लावून पट्टा झटकला. सगळे लोंबकळत राहिले.

सिस्टर हसल्या. म्हणाल्या, "आता ओळखले चिमटे. या वेळी कान कोणाचा होता?"

मी म्हटलं, "कान कोणाचाच नाही, सिस्टर. दाढ याची."

आणि मग सगळं सांगितलं त्यांना. परत आलेल्या तिघांवर रेघ माझी होती, हेही. सांगायचं ठरवलं नव्हतं. धाकटा ऐकत होता, म्हणजे बघत होता. मग सिस्टर त्याच्यासमोर नीट उभ्या राहून सावकाश म्हणाल्या, "यापुढे ठिपक्याशिवाय एकही चिमटा मी घेणार नाही." त्याचे कान लाल झाले. ऐकू येत नसले तरी लाल होतात.

त्या गेल्यावर मी त्याला विचारलं, "सगळं कळलं का तुला?"

म्हणाला, "सिस्टरांचं सगळं कळलं. तुझं निम्मंच."

"का?"

"तुझ्या मिशा, दादा. वरचा ओठ दिसतच नाही. सगळ्या जगाचं कळतं मला, तुझंच बोलणं मिशांत अडकतं. म्हणून तर एवढं टक लावून बघावं लागतं."

रविवार, १४ एप्रिल

मिशा काढल्या.

विसाव्या वर्षापासून होत्या. न्हाव्याने दोनदा विचारलं, नक्की का. दुसऱ्यांदा विचारल्यावर मला वाटलं, नको. मग म्हटलं, काढ लवकर, मन बदलायच्या आत. आरशात बघितलं तर आमचे वडील बसले होते, जरा घाबरलेले.

शिंप्याने मला ओळखलं नाही, वर "मालक आत आहेत का?" असं मलाच विचारलं. हिने दार उघडलं आणि हसत हसत खालीच बसली. म्हणाली, "कोण हवंय आपल्याला? हे घरी नाहीत." भावजय बघायला आली ती तोंडावर हात ठेवून उलट्या पावली परत गेली, आणि नंतर भिंतीपलीकडून तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला. ओठावर गार वारा लागत होता. भर रस्त्यात शर्ट काढल्यासारखं वाटत होतं.

आज रविवार, कारखाना बंद. पण धाकटा आपल्या टेबलाशी बसून यंत्राची पेटी उघडून बघत होता. मी समोर जाऊन बसलो. त्याने मान वर केली आणि बघतच राहिला. हसला मात्र नाही.

मी तोंड नीट उघडून, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, "माझं चुकलं. आपण वेगळं व्हायचं नाही."

"काय?" म्हणाला.

पुन्हा म्हटलं. जरा पुढे वाकून.

त्याने कपाळाला आठ्या घातल्या, मान तिरकी केली. "परत सांग."

मी तिसऱ्यांदा म्हटलं. ओठ एवढे ताणले की दुखायला लागले.

"एकदाच आणखी," म्हणाला.

चौथ्यांदा म्हणताना माझा आवाज फुटला आणि तेवढ्यात मला त्याच्या तोंडाचा कोपरा दिसला. माझी नजर अजून शाबूत आहे. तो कोपरा थरथरत होता.

"लबाडा," मी म्हटलं, "कळलंय तुला!"

"पहिल्यांदाच कळलं," म्हणाला आणि डोळे पुसत हसायला लागला. "पण दादा, तुझ्या तोंडून हे मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं."

ऐकलं, असंच म्हणाला तो.